दिल्लीतील चिनी राजदूत घडतो कसा? अभ्यासवर्गासाठी माहिती हवी आहे

गोदाकाठची वाचक (प्रश्न)

नमस्कार. नाशिकला गंगापूर रोडवरील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही काही शिक्षक दर रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यासवर्ग घेतो. मुले बहुतेक सिन्नर, दिंडोरी, निफाड आणि येवला या तालुक्यांतली आहेत. सकाळच्या पहिल्या एसटीने येतात आणि वर्तमानपत्रांची कात्रणे आधीच वाचून येतात. गेल्या रविवारी भारत-चीन सीमाप्रश्नावरील एक कात्रण वाचून झाल्यावर दिंडोरीच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, 'चीनचे राजदूत म्हणाले' असे आपण नेहमी वाचतो. पण हा माणूस येतो कुठून? आपल्यासारखी परीक्षा देऊन येतो, की पक्ष त्याला पाठवतो? आणि तो जे बोलतो ते त्याचे स्वतःचे असते का?"

मला या प्रश्नाचे नीट उत्तर देता आले नाही आणि तसे मी तिला सांगितले. भारतीय परराष्ट्र सेवेबद्दल मी पुष्कळ सांगू शकते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा, प्रशिक्षण, सक्तीची परकीय भाषा आणि त्यानंतरच्या नेमणुका हे सारे मुलांना ठाऊक आहे. विजय गोखले आणि त्यांच्यानंतर गौतम बंबावाले हे दोन मराठी अधिकारी लागोपाठ बीजिंगमध्ये आपले राजदूत होते, हेही त्यांना अभिमानाने पाठ आहे. मात्र त्याच काळात दिल्लीतील चिनी दूतावासात कोण बसले होते, आणि तिथे पोहोचण्यापूर्वी त्या व्यक्तीने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे कुठे घालवली होती, याबद्दल आम्हा शिक्षकांचीही पाटी कोरी आहे.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. चिनी राजनैतिक अधिकाऱ्याची कारकीर्द सुरू कशी होते, पुढे कशी सरकते, आणि राजदूत म्हणून परदेशी गेल्यावर त्याच्या हातात खरोखर किती असते, हे कृपया सविस्तर सांगावे. एखाद्या व्यक्तीची संपूर्ण कारकीर्द उदाहरण म्हणून मिळाली तर वर्गात ती मांडणे सोपे जाईल.

चिनी भाषेची अभ्यासक

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने तिन्ही प्रश्न नेमके विचारले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांबद्दल आधी लिहिते.

"परीक्षा की पक्ष" या प्रश्नाचे उत्तर "दोन्ही" असे आहे. चीनमध्ये सरकारी सेवेसाठी दरवर्षी राष्ट्रीय पातळीवर परीक्षा होते आणि परराष्ट्र मंत्रालयात तरुणांची भरती त्या परीक्षेतून होते. तिच्या जोडीला मंत्रालय भाषेची वेगळी कसोटी घेते. भरती होणाऱ्यांपैकी अनेक जण बीजिंगमधील परकीय भाषांच्या विद्यापीठांतून किंवा १९५५ साली स्थापन झालेल्या आणि थेट परराष्ट्र मंत्रालयाशी जोडलेल्या परराष्ट्र व्यवहार विद्यापीठातून येतात. परंतु चीनमध्ये मंत्रालय आणि पक्ष या दोन वेगळ्या वाटा नाहीत. मंत्रालयातच पक्षाची समिती असते, वरच्या पदांवरील व्यक्ती पक्षाच्या सदस्य असतात, आणि बढतीचा निर्णय पक्षाच्या संमतीशिवाय होत नाही. आपल्याकडे सनदी अधिकारी राजकीय पक्षापासून दूर राहावा अशी अपेक्षा असते. तिथे पक्षनिष्ठा हीच पात्रतेची पहिली अट मानली जाते. हा फरक मुलांनी आरंभीच समजून घेतला तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडेल.

परदेशी नेमल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी चीनमध्ये स्वतंत्र कायदा आहे. तो २००९ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. उमेदवार चिनी नागरिक असावा आणि त्याचे वय किमान २३ वर्षे असावे, अशा अटी त्यात आहेत. दर्जांची शिडीही त्याच कायद्याने ठरवून दिली आहे. सर्वांत खाली अटॅशे, मग तृतीय, द्वितीय आणि प्रथम सचिव, त्यावर कौन्सेलर, मग मिनिस्टर आणि शेवटी राजदूत, अशा सात पायऱ्या आहेत. (इथे "मिनिस्टर" हा दूतावासातील दर्जा आहे, तो मंत्री नव्हे, मराठी बातम्यांत हा घोळ मी अनेकदा पाहिला आहे.) नव्या अधिकाऱ्याची काही वर्षे मंत्रालयात जातात, मग परदेशात एक नेमणूक, पुन्हा मंत्रालय, पुन्हा परदेश, अशी आलटून-पालटून चाल असते. त्याने जी भाषा घेतली असेल ती बहुधा त्याच्या आयुष्याचा प्रदेश ठरवते. सध्याचे परराष्ट्रमंत्री वांग यी हे याचे चांगले उदाहरण आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शहरी तरुणांना खेड्यांत पाठवले जात होते, तेव्हा त्यांनी ईशान्येकडील हेलोंगजियांग प्रांतात आठ वर्षे काढली. परतल्यावर ते बीजिंगमध्ये जपानी भाषा शिकले, १९८२ मध्ये मंत्रालयात दाखल झाले आणि २००४ मध्ये जपानमध्ये राजदूत झाले. भारताशी सीमाप्रश्नावरील चर्चेत आज चीनचे विशेष प्रतिनिधी तेच आहेत.

राजदूताची नेमणूक कागदोपत्री अशी होते: राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेची स्थायी समिती निर्णय घेते आणि तो राष्ट्राध्यक्षांच्या नावाने अंमलात येतो. त्याआधी ज्या देशात जायचे त्या देशाची संमती घ्यावी लागते. १९६१ च्या व्हिएन्ना करारातील ही तरतूद सर्वांनाच लागू आहे, आणि नकार देणाऱ्या देशाला कारण सांगण्याचे बंधन नसते. दिल्लीत आल्यावर राष्ट्रपती भवनात अधिकारपत्रे (आपल्या राष्ट्रप्रमुखांनी दिलेली नेमणुकीची पत्रे) सादर झाली की तो पूर्ण अर्थाने राजदूत होतो.

तिसरा प्रश्न, म्हणजे "तो बोलतो ते त्याचे असते का", मी मागे ठेवते. इथे देवळालीचे सर आहेत. ते इतिहासाच्या अंगाने अधिक चांगले सांगतील.

देवळालीकर

आठवण काढल्याबद्दल आभारी आहे. मी तीस वर्षे इतिहास शिकवला, आणि देवळालीत राहत असल्याने तोफखान्याच्या सरावाचे आवाज ऐकतच शिकवला; त्यामुळे चीनचा विषय आमच्या घरात १९६२ पासून कधी बंद झालाच नाही.

सुरुवात थोडी मागून करतो. १९४९ मध्ये साम्यवादी राजवट आली तेव्हा तिच्याकडे राजदूत म्हणून पाठवण्यासारखी माणसे जवळजवळ नव्हती. जुन्या राजवटीच्या अधिकाऱ्यांवर विश्वास नव्हता. म्हणून पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री चौ एन-लाय यांनी सैन्यातले सेनानी निवडले. त्यांना परकीय भाषा येत नव्हत्या, पण त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नव्हती. चौ एन-लाय राजनैतिक सेवेला "साध्या पोशाखातील मुक्तिसेना" म्हणत. मेजवानीत कसे बसावे, सूट कसा घालावा, अधिकारपत्रे कशी सादर करावीत, हे सारे या सेनानींना बीजिंगमध्ये शिकवले गेले. १९५० मध्ये रुमानियाचे राजदूत माओंना अधिकारपत्रे देत असताना हे भावी राजदूत पडद्याआड उभे राहून तो विधी पाहत होते, अशी हकीकत नोंदलेली आहे. ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग लढाईत काढला होता, त्यांनी मध्यमवयात विद्यार्थ्यासारखे उभे राहून शिकावे, यात मला त्या पिढीची जिद्द दिसते.

साम्यवादी चीनचे भारतात आलेले पहिले राजदूत युआन चुंग-शिएन हेही सेनानीच. १९४९ मध्ये यांगत्से नदीत ब्रिटिशांची "अ‍ॅमेथिस्ट" ही युद्धनौका चिनी तोफांच्या माऱ्यात अडकून पडली, तेव्हा त्या भागाची सूत्रे त्यांच्याकडे होती आणि ब्रिटिशांशी झालेल्या वाटाघाटीही त्यांच्याच देखरेखीखाली झाल्या. दुसऱ्याच वर्षी ते दिल्लीत होते. पंचशील कराराचा, मैत्रीच्या घोषणांचा सगळा काळ त्यांच्या कारकिर्दीत आला.

आता मुलीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याचे उत्तर दुसऱ्या राजदूताच्या कारकिर्दीत आहे. फान त्झु-ली (नव्या लेखनात फान झिली) हे उत्तर कोरियातील नेमणूक संपवून १९५६ मध्ये दिल्लीत आले. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि संबंध झपाट्याने बिघडले. १६ मे १९५९ रोजी फान यांनी आपले परराष्ट्र सचिव सुबिमल दत्त यांच्यापुढे एक निवेदन वाचले. चीनचे मुख्य लक्ष पूर्वेकडे, प्रशांत महासागराच्या दिशेला आहे, भारत हा चीनचा शत्रू नाही, आणि दोन आघाड्या उघडणे चीनला नको आहे तसे ते भारतालाही परवडणार नाही, असा त्याचा आशय होता. आपल्या मंत्रालयाने आठवड्याभरात त्याला उत्तर दिले आणि अशी भाषा शिष्टाचाराला सोडून असल्याचे स्पष्ट सुनावले. दिल्लीला वाटले असेल की हा राजदूत तोल सोडून बोलतो आहे. पुढे बाहेर आले ते असे की, त्या निवेदनातला तो महत्त्वाचा भाग खुद्द माओंनी लिहून दिला होता. दिल्लीत ऐकू आला तो आवाज राजदूताचा होता आणि मजकूर बीजिंगमधल्या सर्वोच्च टेबलावर तयार झाला होता. तुमच्या विद्यार्थिनीला यापेक्षा ठळक दाखला मिळणार नाही.

जुलै १९६२ मध्ये फान परत गेले आणि नंतर मॉस्कोत राजदूत झाले. भारताने आपला राजदूत त्याआधीच, १९६१ मध्ये, परत बोलावला होता. ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा दोन्ही राजधान्यांत राजदूत नव्हते. दूतावास उघडे होते, पण ते प्रभारी अधिकाऱ्यांच्या हाती होते. या युद्धानेच यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला नेले, आणि १९६३ मध्ये त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले ते आपल्या नाशिकने. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे आपण अभिमानाने सांगतो. त्याच वेळी दिल्लीतील चिनी राजदूताची खुर्ची रिकामी होती, आणि ती पुढे चौदा वर्षे रिकामी राहिली, हेही मुलांना सांगावे. १९७६ मध्ये आधी भारताने के. आर. नारायणन यांना बीजिंगला पाठवले आणि मग चीनने छन चाओ-युआन यांना दिल्लीला. तेच नारायणन पुढे राष्ट्रपती झाले आणि चिनी राजदूतांची अधिकारपत्रे स्वीकारण्याचे काम त्यांच्याकडे आले.

एक दुरुस्ती इथेच करतो, कारण नाशिकमध्ये हा गैरसमज वारंवार कानावर येतो. १९६२ नंतर भारतातील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना ज्या छावणीत ठेवले होते ती राजस्थानातील देवळी. आपली देवळाली नव्हे. त्यातील अनेकांना नेण्यासाठी १९६३ मध्ये चीनने जहाजे पाठवली होती.

गोदाकाठची वाचक

सर, १९५९ चा प्रसंग वाचून मी बराच वेळ थांबले. पण मग माझ्यापुढे नवा प्रश्न उभा राहतो. मजकूर जर राजधानीतून येत असेल, तर राजदूत कोण आहे याने फरक काय पडतो? एखादा अधिकारी कुठे शिकला, कोणत्या देशांत राहिला, हे पाहण्याचे आपल्याला कारण काय?

चिनी भाषेची अभ्यासक

ताई, फरक पडतो, आणि मला तर तो फार मोठा वाटतो. मजकूर राजधानीचा असतो हे खरे. पण तो मजकूर तयार होण्यापूर्वी परदेशातून राजधानीकडे जे कळवले जाते, ते याच माणसांनी लिहिलेले असते. शिवाय आज जो परदेशात निरोप पोहोचवतो, तोच दहा वर्षांनी राजधानीत बसून निरोप लिहू लागतो. तुम्ही एक संपूर्ण कारकीर्द मागितली आहे, म्हणून हुआंग हुआ यांची सांगते.

त्यांचा जन्म १९१३ चा. बीजिंगमधील येनचिंग या अमेरिकी मिशनऱ्यांच्या विद्यापीठात ते शिकले आणि १९३५ च्या जपानविरोधी विद्यार्थी आंदोलनात पुढे आले. त्यांची इंग्रजी चांगली होती. १९३६ मध्ये अमेरिकी पत्रकार एडगर स्नो माओंना भेटण्यासाठी लाल सैन्याच्या प्रदेशात गेले, तेव्हा दुभाषी म्हणून मदतीला हा तरुण गेला आणि तिथेच राहिला. १९४९ मध्ये नानजिंग साम्यवाद्यांच्या ताब्यात आले. अमेरिकेचे राजदूत जॉन लेटन स्टुअर्ट शहर सोडून गेले नव्हते, आणि हे स्टुअर्ट येनचिंग विद्यापीठाचे माजी प्रमुख होते. त्यांच्याशी बोलायला पक्षाने त्याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्याला, हुआंग हुआ यांना पाठवले. चर्चेतून काही निष्पन्न झाले नाही, पण माणूस निवडताना केलेला विचार पाहण्यासारखा आहे.

पुढे कोरियातील युद्धविरामानंतर पानमुनजोममध्ये अमेरिकी प्रतिनिधीसमोर तेच होते. १९५४ ची जिनिव्हा परिषद आणि १९५५ ची बांडुंग परिषद या दोन्हींसाठी गेलेल्या शिष्टमंडळांत त्यांचा समावेश होता. १९६० मध्ये ते घानाला राजदूत म्हणून गेले आणि १९६६ मध्ये कैरोला. नेमकी तेव्हा सांस्कृतिक क्रांती भडकली आणि चीनने जगभरातले आपले राजदूत माघारी बोलावले. अपवाद एकच होता, कैरोतील हुआंग हुआ. काही काळ जगात चीनचा राजदूत म्हणून काम करणारे ते एकटेच उरले होते. चाळीसहून अधिक देशांतल्या दूतावासांत खुर्च्या रिकाम्या असताना एका माणसाने ते पद सांभाळले, ही गोष्ट मला दरवेळी नव्याने हलवून जाते.

जुलै १९७१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर गुप्तपणे बीजिंगला आले, तेव्हा त्यांच्याशी चर्चा करणाऱ्यांत ते होते. लगेच ते कॅनडात साम्यवादी चीनचे पहिले राजदूत म्हणून गेले, आणि त्याच वर्षी चीनला संयुक्त राष्ट्रांतील जागा मिळताच न्यूयॉर्कमध्ये पहिले स्थायी प्रतिनिधी झाले. १९७६ च्या अखेरीस ते परराष्ट्रमंत्री झाले.

आपल्या दृष्टीने पुढचा भाग महत्त्वाचा आहे. जून १९८१ मध्ये हुआंग हुआ दिल्लीत आले. १९६० मधील चौ एन-लाय यांच्या भेटीनंतर एवढ्या वरच्या पातळीवरचा चिनी नेता प्रथमच भारतात येत होता. त्या भेटीतून सीमाप्रश्नावर अधिकाऱ्यांच्या पातळीवरील चर्चा सुरू करण्याचे ठरले आणि पहिली फेरी त्याच वर्षी डिसेंबरात झाली. बंद पडलेली कैलास-मानसरोवर यात्राही १९८१ मध्येच पुन्हा सुरू झाली. नाशिकहून कैलासाला गेलेल्या यात्रेकरूंच्या वाटेवर हुआंग हुआ यांच्या त्या भेटीची सावली आहे, असे मी वर्गात सांगितले असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. स्नो यांच्या दुभाष्यापासून परराष्ट्रमंत्र्यापर्यंत चाळीस वर्षांत या माणसाने अमेरिकी, आफ्रिकी आणि अरब जग जवळून पाहिले होते. मजकूर पक्षाचा असेल. पण समोरचा माणूस कसा विचार करतो, हे कळण्यासाठी पक्षाला त्यांचीच गरज होती.

दिल्लीतील अलीकडच्या राजदूतांकडेही याच नजरेने पाहावे. लुओ चाओहुई यांनी तरुणपणी दिल्लीच्याच दूतावासात काम केले होते. पुढे ते पाकिस्तानात राजदूत झाले, मंत्रालयात आशिया विभागाचे प्रमुख झाले, २०१४ मध्ये कॅनडाला गेले आणि २०१६ मध्ये राजदूत म्हणून दिल्लीत परतले. २०१७ चा डोकलामचा पेच त्यांच्या काळातला आहे. त्यांच्यानंतर आलेले सुन वेइडोंग २०१३ ते २०१७ या काळात पाकिस्तानात राजदूत होते. जून २०२० मध्ये गलवानमध्ये रक्त सांडले तेव्हा दिल्लीत चीनची बाजू तेच मांडत होते. सध्याचे शू फेइहोंग यांनी याआधी अफगाणिस्तान आणि रुमानियात राजदूतपद सांभाळले आहे. दिल्लीत येण्यापूर्वी इस्लामाबाद किंवा काबूल, हा क्रम योगायोगाचा मला वाटत नाही. भारताला पाहण्यापूर्वी भारताच्या शेजारून भारत पाहिलेली माणसे ते पाठवतात.

तुमच्या विद्यार्थिनीसाठी एक गोष्ट जोडते. साम्यवादी चीनची पहिली महिला राजदूत डिंग शुएसोंग. त्या १९७९ मध्ये नेदरलँड्सला गेल्या. आपल्या परराष्ट्र सेवेतून राजदूत झालेल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा १९७० मध्येच हंगेरीत पोहोचल्या होत्या.

निफाडकर

मी शेतमालाच्या निर्यातीत आहे आणि राजकारणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून एवढेच लिहितो. आपल्यासारख्यांचा संबंध दिल्लीच्या राजदूताशी येत नाही, तो मुंबईतील महावाणिज्य दूतावासाशी येतो. व्हिसा, कागदपत्रांचे साक्षांकन, व्यापारी शिष्टमंडळांच्या भेटी हे काम तिथले. १९६२ च्या अखेरीस मुंबई आणि कोलकात्यातील चिनी वाणिज्य दूतावास बंद झाले होते. मुंबईतील १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाला, म्हणजे मध्ये तब्बल तीस वर्षे गेली. कोलकात्याला तर २००८ पर्यंत थांबावे लागले. मुंबईत नेमणूक झालेल्या चिनी अधिकाऱ्यांच्या कार्यक्रमात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण ठरलेले असते. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेलेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारलेला हा डॉक्टर त्यांना अजून जवळचा वाटतो. चिनी व्यापाऱ्यांशी बोलताना मी महाराष्ट्रातला आहे म्हटल्यावर कोटणीसांचे नाव निघाल्याचा अनुभव मला दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा पुढचे बोलणे सोपे झाले.

देवळालीकर

अभ्यासकताईंचे विवेचन मनापासून आवडले. मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे, पण दोन ठिकाणी सावधगिरी सुचवतो.

पहिली गोष्ट, नेमणुकांच्या क्रमातून हेतू वाचताना हात आखडता ठेवावा. ले युचेंग रशियन भाषेचे जाणकार होते. कझाकस्तानात राजदूत राहून ते २०१४ मध्ये दिल्लीत आले आणि २०१६ पर्यंत राहिले. त्यांच्या बाबतीत इस्लामाबाद-काबूलचा नियम लागू पडत नाही. परतल्यावर ते उपपरराष्ट्रमंत्री झाले, पुढचे मंत्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाऊ लागले, आणि जून २०२२ मध्ये त्यांना चीनच्या आकाशवाणी-दूरचित्रवाणीच्या प्रशासनात उपप्रमुख म्हणून हलवण्यात आले. छिन गांग यांचे तर सर्वांना ठाऊक आहे. ते अमेरिकेतील राजदूतपदावरून डिसेंबर २०२२ मध्ये थेट परराष्ट्रमंत्री झाले आणि जुलै २०२३ मध्ये पदावरून दूर झाले; कारण अधिकृतपणे सांगितले गेले नाही. ही शिडी बाहेरून सात पायऱ्यांची दिसते, पण कोणती पायरी कधी निघेल हे चढणाऱ्याच्या हाती नसते. आपल्याकडे बदली झाली, डावलले गेले, तर निदान चर्चा होते, न्यायाधिकरणाचे दार असते. मला त्या अधिकाऱ्यांबद्दल माणूस म्हणून सहानुभूती वाटते आणि ती लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, राजदूत नेहमी मृदूच बोलतो असे मुलांनी समजू नये. नोव्हेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ भारतात येण्याच्या काही दिवस आधी राजदूत सुन युशी यांनी एका भारतीय वाहिनीवर संपूर्ण अरुणाचल प्रदेशावर दावा सांगितला. दावा जुनाच होता, पण पाहुणा दाराशी आला असताना तो उच्चारल्याने इथे मोठी खळबळ झाली. पाकिस्तानातील चिनी दूतावासात काम केलेले चाओ लीजियान समाजमाध्यमांवरील तिखट भाषेमुळेच पुढे आले आणि २०२० मध्ये मंत्रालयाचे प्रवक्ते झाले. २०२३ च्या सुरुवातीला त्यांना सीमा आणि सागरी विषयांच्या विभागात पाठवले गेले. एका काळात जी भाषा बढती देते, तीच दुसऱ्या काळात अडचण ठरते. म्हणून निवेदन वाचताना त्याची तारीख आधी पाहावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

गोदाकाठची वाचक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल वर्गाच्या वतीने आभार मानते. येत्या रविवारी फळ्यावर दोन स्तंभ करण्याचे ठरवले आहे. डावीकडे दिल्लीतील चिनी राजदूताच्या नेमणुका आणि उजवीकडे त्याच वर्षांत बीजिंगमधील आपल्या राजदूताच्या नेमणुका लिहू, आणि मधल्या जागेत त्या काळातील घटना मुलांनाच भरू देऊ. १६ मे १९५९ चा प्रसंग दोन विद्यार्थी राजदूत आणि परराष्ट्र सचिव होऊन वाचून दाखवतील.

एक शेवटची शंका आहे. हा तक्ता करताना मला ऑक्टोबर २०२२ ते मे २०२४ अशी जवळजवळ दीड वर्षाची मोकळी जागा दिसली. तेव्हा दिल्लीत चीनचा राजदूतच नव्हता का? आणि मग सुन वेइडोंग यांचे पुढे काय झाले?

चिनी भाषेची अभ्यासक

ताई, तुमचे निरीक्षण बरोबर आहे. सुन वेइडोंग ऑक्टोबर २०२२ मध्ये परतले आणि शू फेइहोंग १० मे २०२४ रोजी दिल्लीत उतरले; मधला काळ दूतावास प्रभारी अधिकाऱ्याकडे होता. १९७६ नंतर इतका मोठा खंड पडला नव्हता. आपले राजदूत मात्र त्या काळात बीजिंगमध्ये काम करत होते. म्हणून तुमच्या डाव्या स्तंभात जागा मोकळी राहील आणि उजव्या स्तंभात नाव असेल. मुलांना त्याबद्दल बोलायला पुष्कळ सापडेल.

सुन वेइडोंग परतल्यावर लगेच उपपरराष्ट्रमंत्री झाले आणि आशियाचा कारभार त्यांच्याकडे आला. जानेवारी २०२५ मध्ये आपले परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री बीजिंगला गेले, तेव्हा चर्चेच्या टेबलापलीकडे सुन वेइडोंग बसले होते. गलवानच्या वेळी मिस्री बीजिंगमध्ये भारताचे राजदूत होते आणि सुन दिल्लीत चीनचे. तेव्हा एकमेकांच्या राजधानीत बसून दोघांनी आपापल्या देशाची कठोर निवेदने पोहोचवली होती. त्याच दोघांच्या बैठकीत २०२० पासून बंद असलेली कैलास-मानसरोवर यात्रा त्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू करण्याचे आणि थेट विमानसेवेला तत्त्वतः मान्यता देण्याचे ठरले. तक्त्यात १९८१ च्या ओळीत हुआंग हुआ यांच्या नावापुढे "यात्रा" असे लिहाल, तेव्हा २०२५ च्या ओळीतही तोच शब्द लिहावा लागेल, आणि त्यापुढे ही दोन नावे येतील.